ब्रश बाजूला ठेवा: मेटल डिटेक्टर घेऊन हिंडणाऱ्यांना खुले पत्र

मेटल डिटेक्टर घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

जमिनीतून निघालेल्या धातूच्या तुकड्यांचे फोटो तुम्ही मला पाठवता आणि खाली एकच ओळ असते: 'हे कशाचं आहे, सांगाल का?' हा प्रश्न मला मनापासून आवडतो. कुणीतरी घडवलेली, वापरलेली, मग हरवलेली किंवा फेकून दिलेली वस्तू पुन्हा ओळखीची व्हावी यासाठी मी हवा तितका वेळ द्यायला तयार असतो. पण एक गोष्ट मला बरेच दिवस खुपते आहे. फोटोतली वस्तू बहुधा घासून लख्ख केलेली असते, आणि कुठे सापडली असं विचारलं की उत्तर येतं, 'नक्की आठवत नाही, त्याच बाजूच्या कुठल्यातरी शेतात.' म्हणजे ओळख पटवायच्या दोन्ही वाटा आधी बंद करून मग आपण प्रश्न विचारतो. म्हणून हे पत्र. मागण्या दोनच आहेत. ओळख पटेपर्यंत वस्तू घासू नका, आणि ती खड्ड्यातून वर येताच जागा टिपून ठेवा.

कायदा आणि जमीनमालकाची परवानगी यांबद्दल इथे लिहीत नाही. त्या दोन्ही गोष्टी असल्याशिवाय डिटेक्टर सुरूच करायचा नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

आधी घासण्याबद्दल. तांबं, पितळ, कासं यांच्यावर जमिनीत हिरवा-तपकिरी थर चढतो. तो वरून चिकटलेला मळ नसतो, धातूचाच वरचा भाग बदलून तो तयार झालेला असतो. त्यामुळे कारागिराने कोरलेली रेघ, ठशाचं अक्षर, सोन्याच्या मुलाम्याचा उरलेला कण, मिन्याचा एखादा ठिपका हे सगळं पुष्कळदा त्या थरातच शिल्लक असतं. खालच्या धातूत त्याचा मागमूस नसतो. व्हिनेगरमध्ये, लिंबाच्या रसात किंवा शीतपेयात वस्तू बुडवली की थर निघतो आणि हाती लागतो तो खड्डे पडलेला, गुलाबी, कोरा धातू. त्यावरून कुणालाही काही सांगता येत नाही.

लोखंडाचं तर याहून बिकट. फार वर्षं जमिनीत राहिलेल्या लोखंडात कधीकधी आत धातूच उरलेला नसतो. मूळ वस्तूची कड गंजाच्या थरांमधे एका पातळ रेषेसारखी टिकलेली असते आणि ती क्ष-किरणांच्या चित्रात दिसते. ओबडधोबड गोळा वाटणाऱ्या वस्तूच्या आत कुलपाची सगळी यंत्रणा जागच्या जागी असू शकते. अशा गोळ्यावर ड्रिलला लावलेला तारेचा ब्रश फिरवला, की आपण गंज काढत नाही, वस्तूच काढून टाकतो.

गंजात आणखी एक गोष्ट साठलेली असते, आणि तिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. लोखंडाला लागून असलेलं लाकूड, कापड किंवा कातडं कुजण्याआधीच गंजाचे क्षार त्याच्यात मुरतात. पुढे मूळ पदार्थ नाहीसा होतो, पण त्याच्या तंतूंचा आकार गंजात जसाच्या तसा राहतो. साध्या खिळ्याचं उदाहरण घ्या. भिंगातून पाहिलं तर त्याच्या अंगावर लाकडाच्या रेषा दिसतात. वरच्या भागात त्या आडव्या जातात आणि एका ठिकाणी दिशा बदलून उभ्या होतात. जिथे दिशा बदलते तिथे दोन फळ्या एकमेकींना भिडल्या होत्या. डोक्यापासून तिथपर्यंत मोजलं की वरच्या फळीची जाडी मिळते. लाकूड नाही, पेटी नाही, फक्त एक खिळा, आणि तरी फळीची जाडी कळते! ब्रशचा एक फेरा पुरतो हे सगळं पुसायला.

चिकटलेली मातीसुद्धा साक्ष देते. जर्मनीत नेब्रा गावाजवळच्या मिटेलबेर्ग टेकडीवर १९९९ साली परवानगीशिवाय डिटेक्टर चालवणाऱ्या दोघांना कांस्याची एक तबकडी सापडली. तिच्यावर सोन्याच्या पत्र्याचे सूर्य किंवा पूर्ण चंद्र, चंद्रकोर आणि तारे जडवलेले आहेत. खोदताना हत्यार लागून तिची कड दुखावली. मग ती हातोहात विकली गेली आणि २००२ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात पोलिसांच्या सापळ्यात परत मिळाली. तोवर ती नक्की कुठून निघाली हा वादाचा विषय झाला होता. तो मिटवायला जे पुरावे कामी आले, त्यांत तबकडीला आणि तिच्यासोबत निघालेल्या वस्तूंना चिकटलेली माती होती. टेकडीवरच्या मातीशी ती जुळली. नळाखाली धुऊन टाकलेल्या मातीने ही साक्ष दिली नसती.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला काही नेब्राची तबकडी सापडत नाही. आम्हाला सापडतात बकलं, कड्या, पट्ट्या, चाकाचे तुकडे. अगदी बरोबर, आणि माझं मन त्यांच्यातच जास्त रमतं. एका मैत्रिणीने बोटभर लांबीची एक पितळी पट्टी पाठवली होती. पट्टीत समांतर दहा चिरा, डावीकडची सगळ्यात लांब आणि उजवीकडे जाताना प्रत्येक थोडी आखूड. प्रत्येक चिरेच्या एका टोकाला बारीक रिव्हेट. तिला आलेली उत्तरं होती कुलपाचा भाग, कंगव्याची मूठ, बंदुकीची काहीतरी पट्टी. ती माउथ ऑर्गनच्या आतली पट्टी होती. चिरा क्रमाने आखूड होतात कारण सूर चढत जातात. रिव्हेट एकाच टोकाला असतो कारण सुराची पातळ पाती तिथे जखडलेली असते आणि दुसरं टोक हवेने थरथरायला मोकळं असतं. तिच्या पट्टीवर दोन पात्या शिल्लक होत्या आणि त्यांच्यावर कानशीचे केसाएवढे बारीक ओरखडे होते. ते सूर लावणाऱ्याच्या हातचे. पातीच्या मोकळ्या टोकाकडे घासलं की सूर चढतो, बुंध्याकडे घासलं की उतरतो. म्हणजे कोणता सूर खाली बोलत होता म्हणून वर आणला, हेही त्या तुकड्यावर लिहिलेलं होतं. तिने पट्टी नुसती सुकवली होती, पॉलिश पेपर लावला नव्हता. म्हणून ते वाचता आलं.

भाग ओळखताना मी नावाच्या मागे लागत नाही. आधी बघतो की तो बनला कसा. साच्यात ओतला असेल तर दोन अर्ध्या साच्यांच्या सांध्याची रेघ कडेने धावते आणि कुठेतरी धातू ओतायच्या नळीचा तोडलेला बुंधा असतो. ठोकून घडवला असेल तर हातोडीचे सपाट ठसे आणि कमीजास्त जाडी. पत्र्यातून ठशाने कापला असेल तर एका बाजूची कड गोलसर आणि दुसऱ्या बाजूला बोटाला लागणारी धार. मग बघतो तो कशाला जोडलेला होता: भोकं, आटे, डाखाचे अवशेष, मागचे खुंट. मग झीज. कडी एकाच बाजूला झिजली असेल तर ओढ कायम त्या बाजूने होती. बकलाच्या काट्याने पाडलेली खाच पट्टा कुठे टेकत होता ते दाखवते. शेवटी मोडलेली जागा, कारण भाग जिथे मोडतो तिथे बहुधा सगळ्यात जास्त भार आलेला असतो. एवढं झालं की नाव पुष्कळदा आपोआप समोर येतं. आणि आलं नाही, तरी वस्तू काय काम करत होती एवढं तरी ठामपणे सांगता येतं.

काळाच्या बाबतीत धातू आणि आटे फार उपयोगी पडतात. ॲल्युमिनियम स्वस्तात काढायची विजेची पद्धत १८८६ साली निघाली, म्हणून शेतात सापडलेला ॲल्युमिनियमचा भाग 'मध्ययुगीन' असूच शकत नाही. स्टेनलेस स्टील १९१३ च्या सुमाराचं. झामाक नावाची जस्ताची ओतीव मिश्रधातू १९२९ ची. राखाडी, ठिसूळ, भेगाळलेला खेळण्याचा किंवा हँडलचा तुकडा बहुधा विसाव्या शतकातलाच असतो. लाकडात बसवायच्या स्क्रूची टोकं १८४० च्या दशकापर्यंत साधारण बोथट असत, यंत्राने अणकुचीदार टोक नंतर आलं. ब्रिटिश अभियंता व्हिटवर्थने १८४१ साली आट्यांचा ५५ अंशांचा कोन ठरवून दिला, सेलर्स या अभियंत्याने अमेरिकेत १८६४ मध्ये ६० अंशांचा मांडला. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू दिसला की तुम्ही १९३० च्या दशकात किंवा त्याच्या नंतर आहात. ब्रिटिश वस्तूवर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा ठसा असेल तर त्या नक्षीची नोंदणी १८४२ ते १८८३ यांमधली, आणि 'आरडी' अक्षरांपुढे नुसता आकडा असेल तर १८८४ पासूनची.

पण एक सावधगिरी. पेटंटची तारीख ही वस्तूची तारीख नव्हे. तीच तारीख छापलेले भाग पुढे कित्येक वर्षं निघत राहिले. 'याच्या आधीचं नाही' एवढंच ती सांगते.

फोटोबरोबर वजन कळवा, ही माझी कायमची विनवणी. आपटून चपटी झालेली शिशाची गोळी मापता येत नाही, पण तोलता येते. १७.५ मिलिमीटर व्यासाची शिशाची गोळी सुमारे ३२ ग्रॅम भरते, म्हणून चपट्या तुकड्याच्या वजनावरून मूळ व्यास काढता येतो आणि त्यावरून बंदुकीचा अंदाज बांधता येतो, मात्र तुकडा तुटलेला नसावा. लोखंडी गोळे हा तर रोजचा विषय. प्रत्येक गोळा तोफेचा वाटतो. दगड, खनिज दळायच्या गिरण्यांमध्ये असेच पोलादी गोळे हजारोंनी वापरले जातात. फाटकाच्या खांबावर शोभेचे गोळे असतात, आणि बरोबर ७.२६ किलो भरणारा गोळा निघाला तर तो मैदानावर गोळाफेकीत वापरलेला असण्याची शक्यता मोठी. ओतीव बिडाचा, दहा सेंटिमीटर व्यासाचा भरीव गोळा साधारण पावणेचार किलो भरायला हवा. तो फारच हलका भरला तर आत पोकळी आहे, आणि मग पुढचा परिच्छेद तुमच्यासाठी आहे.

पोकळ निघालेला किंवा तशी शंका येणारा गोळा, बंदुकीच्या गोळीपेक्षा मोठं काहीही टोकदार दंडगोलाकृती, भोवती तांब्याचा पट्टा असलेलं काहीही, यांना हात लावू नका, हलवू नका, घरी नेऊ नका. विशेष सांगायचं ते पितळी शंकूबद्दल. कडेने कड्या, कड्यांवर बारीक रेघा आणि आकडे, घडवण इतकी देखणी की बघणाऱ्याला घड्याळाचा किंवा मोजमापाच्या यंत्राचा भाग वाटावा. तो तोफगोळ्याचा वेळ लावायचा फ्यूज असतो. रेघा सेकंदांच्या किंवा अंतराच्या. आत स्फोटक शिल्लक असू शकतं आणि शंभर वर्षांत ते निरुपद्रवी होत नाही. जागा खुणेने लक्षात ठेवा, मागे फिरा, पोलिसांना कळवा. अशा वस्तूचा जवळून काढलेला फोटो मला पाठवू नका, कारण तो काढायला तुम्हाला तिच्यावर वाकावं लागलेलं असतं.

आता जागेबद्दल, आणि माझ्या मते हेच जास्त महत्त्वाचं. इसवी सन ९ मध्ये रोमन सेनापती वारुस याच्या तीन लिजन, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्या, जर्मानियात (आजच्या जर्मनीच्या भागात) कापल्या गेल्या. ती लढाई कुठे झाली यावर शतकानुशतकं वाद चालले. १९८७ साली टोनी क्लन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला जर्मनीतल्या काल्क्रीझजवळ डिटेक्टरने रोमन नाणी मिळाली. त्याने ती पुरातत्त्वज्ञांना दाखवली, जागा दाखवली, नोंदी ठेवल्या. पुढच्या वर्षी त्याला तिथे शिशाचे तीन ओबडधोबड, बदामाच्या आकाराचे तुकडे सापडले. ते गोफणगुंडे होते. नाणी व्यापाऱ्याचीही असू शकतात, गोफणगुंडे सैन्यासोबतच येतात. त्या तीन तुकड्यांनी उत्खननाला दिशा दिली, आणि बहुतेक अभ्यासक आज काल्क्रीझचा संबंध वारुसच्या पराभवाशी जोडतात. हेच तुकडे कुणा दुसऱ्याच्या डब्यात, जागेची नोंद नसताना, मासेमारीच्या जाळ्याची वजनं म्हणून पडून राहिले असते.

अमेरिकेतल्या लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीची गोष्ट याच्याही पुढची आहे. जून १८७६ मध्ये कस्टर या अमेरिकी सेनाधिकाऱ्याच्या घोडदळाचा लाकोटा, शायान या मूळ अमेरिकी जमातींनी आणि त्यांच्या साथीदारांनी तिथे पराभव केला. १९८३ मध्ये वणव्याने त्या माळावरचं गवत जळालं आणि पुढच्या दोन वर्षांत डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी तिथे पाहणी केली. त्यांच्याबरोबर तुमच्यासारखेच हौशी डिटेक्टरवाले होते. रांगेत चालायचं, आवाज आला की झेंडी रोवायची, आणि प्रत्येक वस्तूची जागा नकाशावर मांडल्याशिवाय ती उचलायची नाही. सापडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांवर बंदुकीच्या पिनेचा ठसा असतो, पुंगळी बाहेर खेचणाऱ्या आकड्याचा ओरखडा असतो, आणि तो त्या एका बंदुकीचाच असतो. एकाच बंदुकीच्या पुंगळ्या माळावर निरनिराळ्या ठिकाणी मिळाल्या, तेव्हा ती बंदूक लढाईत कुठून कुठे गेली हे नकाशावर उमटलं. पुंगळ्या त्याच, पण जागेच्या नोंदीविना एकाच बरणीत भरल्या असत्या तर फक्त बरणीभर पितळ उरलं असतं. हे काम हौशी लोकांच्या शिस्तीवर उभं राहिलं, आणि म्हणूनच मला तुमच्याकडून एवढी आशा आहे.

आणि उलटंही झालेलं आहे. २०१० साली इंग्लंडमध्ये क्रॉस्बी गॅरेट इथे एका डिटेक्टरवाल्याला रोमन घोडेस्वाराचं मुखवट्यासह शिरस्त्राण तुकड्यांच्या रूपात मिळालं. लिलावासाठी ते जोडून देखणं केलं गेलं, आणि तेही शास्त्रीय तपासणी होण्याआधी. जमिनीत ते कोणत्या स्थितीत ठेवलं होतं, तुकड्यांना काय चिकटलं होतं, यातलं बरंच हातातून गेलं. ते तांब्याच्या मिश्रधातूचं आणि एकटंच असल्यामुळे तेव्हाच्या कायद्यातल्या 'खजिना' या व्याख्येत बसलं नाही. इंग्लंडने २०२३ मध्ये ती व्याख्या रुंदावली, पण गेलेली माहिती त्याने परत येत नाही. त्याच देशात १९९७ पासून हौशी लोकांच्या शोधांची नोंद करणारी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम चालते आणि तिथे पंधरा लाखांहून अधिक वस्तूंच्या नोंदी आहेत. त्यात बकलं आहेत, शिशाची वजनं आहेत, मोडके पिनांचे तुकडे आहेत, म्हणजे आपल्या डब्यांत असतं तेच.

तुमच्याकडून फार काही नको. फोन खिशात असतोच. वस्तू हलवण्याआधी खड्ड्यातच एक फोटो, फोनवरचे अक्षांश-रेखांश, किती खोल होती, आणि आजूबाजूला विटा, कोळसा, खापरं असं काही होतं का, एवढं लिहा. मग वस्तू एका पिशवीत आणि पिशवीवर तोच क्रमांक. नांगराच्या मातीच्या खाली एकापेक्षा अधिक वस्तू एकत्र दिसल्या तर तिथे थांबा आणि पुरातत्त्व खात्याला बोलवा. ओळखीसाठी फोटो काढताना उन्हात नको, सावलीत काढा, पट्टी शेजारी ठेवून, दोन्ही बाजू आणि एक कडेने. लोहचुंबक चिकटतो का तेही सांगा.

आता दोन शब्द ओळखून देणाऱ्यांसाठी, म्हणजे माझ्याच जमातीसाठी. नुसतं नाव देऊन मोकळे होऊ नका, कशावरून ते सांगा. दंताळ्याचा दाता भाल्याचं टोक म्हणून मिरवला जातो तो आपल्या घाईमुळे. भाल्याच्या टोकाला दांडा बसायला पोकळ नळी किंवा शेपूट असते. दाता सगळा भरीव, चौकोनी, आणि वरच्या टोकाला पुष्कळदा आटे असतात. हे सांगितलं तर पुढच्या वेळी तो माणूस स्वतःच ओळखेल. खात्री नसेल तर 'बहुधा' म्हणा. आणि सापडलेली वस्तू हत्यार निघाली नाही म्हणून समोरच्याला वाईट वाटू देऊ नका. घोड्याच्या साजाची कडी, शिलाई मशीनचं होडीच्या आकाराचं शटल, कंदिलाची वात वर-खाली करायची चकती, ज्या वस्तू माणसांच्या हातांत दिवसभर होत्या त्याच या. त्यांच्याबद्दल लिहिलेलं लढायांच्या मानाने फारच थोडं आहे, म्हणून त्यांची ओळख पटणं मला जास्त मोलाचं वाटतं.

घरी ठेवण्याबद्दल थोडकंच. लोखंड कोरडं करून हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेल. तांब्या-पितळेवर फिकट हिरवी भुकटी धरणारे ठिपके दिसले तर ती वस्तू बाकीच्यांपासून वेगळी काढा, कोरड्या डब्यात ठेवा आणि धातूसंवर्धन जाणणाऱ्याला दाखवा, कारण ते धातू खात जाणं थांबवलं नाही तर चालूच राहतं. शिसं लाकडी खणात, विशेषतः ओकच्या, ठेवू नका. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाने त्याची पांढरी पूड होते. शिसं हाताळल्यावर हात धुवा, त्या पुडीचा श्वास घेऊ नका.

राहता राहिले घरात आधीच भरलेले डबे. एखाद्या दिवशी बसा आणि प्रत्येक वस्तूची जागा आठवेल तेवढी लिहून काढा. पक्कं आठवतं ते शाईने, अंदाजाचं ते पेन्सिलीने. बरोबर कोण होतं, त्यालाही विचारा, कारण दोघांच्या आठवणीतून शेत नक्की होतं. ज्यांच्याबद्दल काहीच आठवणार नाही त्यांच्यावर तसं स्पष्ट लिहा, पण टाकून देऊ नका. त्यांच्या अंगावर बनावटीच्या आणि झिजेच्या खुणा अजून असतील. त्या डब्यातली जी वस्तू तुम्हाला सगळ्यात निरुपयोगी वाटते, तिचा फोटो मला आधी पाठवा. जशी आहे तशी, मातीसकट.

आपला स्नेहांकित,
जुन्या धातूच्या तुकड्यांचा एक अभ्यासक